शेवटच्या नावाचं पाणी

दहावीला फेऱ्यांचा धडा आला. संगणकाला एकच काम पुन्हा पुन्हा करायला कसं लावायचं, मधेच कसं थांबवायचं, आणि न थांबवता एखादीच पाळी कशी गाळायची. जुवैनाला तो पहिल्या झटक्यात कळला, आणि मग वर्गातल्या बाकीच्या सत्तावीस जणींना कळेपर्यंत तिनं कुणाला सोडलं नाही.

"हे बघा," ती फळ्यापाशी जाऊन म्हणाली. बाईंनी तिला बोलावलं नव्हतं, पण तिला बसवण्याचा नाद त्यांनी केव्हाच सोडला होता. "घरी बायका आल्यात. तुम्ही कॉफी देताय. पहिलीला दिली, दुसरीला दिली, तिसरीनं पेला हलवला, म्हणजे तिला नको. मग काय कराल? तिला सोडून चौथीकडे जाल. हे झालं कंटिन्यू. आणि तिसरीनं पेला हलवला म्हणून किटलीच उचलून आत निघून गेलात, तर ते ब्रेक."

"आणि चौथीचं काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"चौथी बसलीय कोरडी. आणि घरी जाऊन तुमच्या आईबद्दल काय काय बोलणारेय ते तुम्हीच ठरवा."

वर्ग हसला. परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला आणि जुवैनाला त्यात पैकीच्या पैकी मिळाले. ती तेव्हा सोळा वर्षांची होती, आणि जगातला कुठलाही फेरा आपण हवा तिथं थांबवू शकतो असं तिला मनापासून वाटत होतं.

तिचे जद्दी, म्हणजे आईचे वडील, खल्फान, गावाचे अरीफ होते. अरीफ म्हणजे पाटकरी. डोंगराच्या पोटातून निघालेला फलज, गावाचा एकुलता एक पाट, खजुरीच्या बागांमधून फिरत फिरत शेवटी मशिदीमागच्या खजुरांपाशी संपायचा. आठ दिवसांचं आवर्तन. एकशे सहा नावं. कुणाचं पाणी तासाभराचं, कुणाचं पाव तासाचं, आणि हे सगळं जद्दींच्या डोक्यात. मशिदीच्या अंगणात रोवलेल्या काठीची सावली कुठल्या दगडावर आली की कुणाला हाक मारायची, हे त्यांनी एकेचाळीस वर्षं सांभाळलं होतं.

आणि गावाचा एक नियम होता, त्यांनी दगडासारखा पाळलेला: सांगावा आल्याशिवाय कुणी पाटाचं दारं उघडायचं नाही. पाणी समोरून खळखळत जात असो, वेळ झालीय हे स्वतःला कळत असो, अरीफनं सांगितल्याशिवाय दारं बुजवायला कोंबलेल्या चिंधीला हात लावायचा नाही. एकदा त्यांच्या सख्ख्या भावानं हाकेआधी दारं उघडलं होतं. जद्दींनी भर पाळीत ते बुजवलं, आणि तो भाऊ पुढच्या दोन ईदांना घरी आला नाही.

पण आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. काठी एक आणि सावल्या दोन दिसायला लागल्या होत्या. त्या हिवाळ्यात एका माणसाची पाळी वीस मिनिटं चुकली आणि पाटावर भांडण झालं. फलजचे मुखत्यार अज्जान घरी आले, कॉफीचे तीन पेले होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग हळूच म्हणाले की हल्ली सगळ्यांकडे फोन असतात, सांगावा फोनवर गेला तर कसं.

"मी करते," कोपऱ्यातून जुवैना म्हणाली. "मला येतं. मला खरंच येतं. दोन फेरे लागतील. बाहेरचा दिवसांचा, आतला नावांचा."

जद्दींनी तिच्या दिशेनं तोंड वळवलं. "करेल ती," मग ते म्हणाले.

नावं घालायला आठवडा लागला. जद्दी भिंतीला टेकून म्हणायचे, ती टाइप करायची.

"जद्दी, हळू. माझी बोटं म्हणजे काय पाट आहे का?"

"एकेचाळीस वर्षं मी याच चालीत म्हणतोय. तूच संथ आहेस."

"मी संथ? मला आजवर कुणी संथ म्हटलेलं नाही."

"आठवा दिवस," ते पुढे गेले. "बारावा मुहन्ना, साडेतीन ते चार. तेरावा सुवैलिम, चार ते साडेचार. चौदावा मी, साडेचार ते पाच. संपलं."

"तुम्ही अख्ख्या आवर्तनात शेवटी? सगळ्यांना वेळ सांगणार तुम्ही, आणि पाणी शेवटचं?"

"अरीफचं पाणी शेवटीच असतं. मधे कुठं माझं चुकलं तर तूट माझ्या वाट्याला यावी, लोकांच्या नाही. आणि हे पाणी माझ्या बापजाद्यांचं नाही, पोरी. ते कामाचं आहे. जो अरीफ, त्याचं."

त्या अर्ध्या तासाच्या पाण्यावर त्यांची चार वाफ्यांची बाग होती. खजुरी सहा, थोडा चारा, आणि तीन लिंबं. गावातली लिंबं रोग पडून बसली तेव्हा किनाऱ्याकडून रोपं आणून त्यांनी ती तीन झाडं जगवली होती. जुवैना तेव्हा पाच वर्षांची. रोपं आणताना ट्रकमध्ये मागं बसून तिनं ती मांडीत धरली होती, आणि काटे लागले म्हणून सगळा रस्ता रडली होती. जद्दी ही गोष्ट कुणीही पाहुणा आला की सांगायचे.

मार्चपासून सांगावे फोनवर जायला लागले. रोज सकाळी सहाला त्या दिवसाच्या सगळ्या नावांना एकेक ओळ: अमुक, तुमचं पाणी आज इतक्या ते इतक्या वाजता. एकही चूक नाही. बायका तिला वाटेत अडवून "काय अरीफा, आमचं पाणी कधी?" म्हणून चिडवायच्या, आणि तिला ते इतकं आवडायचं की ती मुद्दाम लांबच्या वाटेनं दुकानात जायची. जद्दीही पाहुण्यांना म्हणायला लागले, अरीफ आता ही, मी नुसता हिचा आजोबा.

जूनच्या सुरुवातीला सुवैलिम वारले. आवर्तनातले तेरावे. साठीचा दणकट माणूस, दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. सुतकाचा तिसरा दिवस नेमका आवर्तनाचा आठवा होता. सकाळी सकाळीच जुवैना आईबरोबर त्यांच्या घरी गेली. खोली बायकांनी भरलेली होती. सुवैलिमची बायको नसरा भिंतीशी बसली होती, आणि कोनाड्यात त्यांचा फोन ठेवलेला होता. सहाला तो वाजला.

नसरानं उठून तो घेतला. तिला वाटलं असेल, कुणाला अजून कळलेलं नाही. तिनं ती ओळ वाचली, आणि मग जवळच्या बाईला वाचायला दिली, जणू आपण चुकीचं वाचतोय. त्या बाईनं मोठ्यानं वाचलं. "सुवैलिम, तुमचं पाणी आज चार ते साडेचार."

नसरानं फोन छातीशी धरला आणि ती पुढे वाकली.

जुवैना चपला हातात घेऊनच घराकडे पळाली. पायरीवर बसून तिनं मांडीवर संगणक उघडला. डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षरं नीट दिसत नव्हती. नाव यादीतून काढता येत नव्हतं, कारण पाणी वारसांचं होतं. नसराच्या इद्दतीचे, विधवेनं पाळायचे, चार महिने दहा दिवस संपेपर्यंत ते मशिदीच्या खजुरांना द्यायचं असं घरच्यांनी ठरवलंच होतं. म्हणून तिनं नावापुढे खूण केली आणि आतल्या फेऱ्यात दोन ओळी घातल्या. माणूस गेलेला असेल तर. आणि त्याखाली एक शब्द. पुन्हा कधीही त्या कोनाड्यात फोन वाजू नये, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं तो तसाच चालू केला. चालवून बघितला नाही. तोंड धुतलं आणि परत गेली.

त्याच सकाळी पुरुषांच्या बाजूला अज्जाननी जद्दींचा हात हातात घेतला होता. "आता तू आराम कर, खल्फान," ते म्हणाले होते. "पोरीनं सगळं हातात घेतलंय. तुझं काम संपलं, देवाची कृपा." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. जुवैनाला हे पुष्कळ उशिरा कळलं.

जून गेला, जुलै गेला. शाळेला सुट्टी, गरम वारं, खजुरांची तोडणी. दर शुक्रवारी जेवायला ती जद्दींकडे जायची आणि हाताला लागलेला भात बोटांवर वाळेपर्यंत बोलत बसायची. आता ती पावसाळी नद्यांच्या पुराचा इशारा देणारं काहीतरी करणार होती. मग आजारी खजुरी ओळखणारं. मग कदाचित मस्कतला जाऊन शिकणार होती.

"आणि आवर्तन नीट चाललंय ना, जद्दी? कुणाची तक्रार?"

"कुणाची नाही. छान चाललंय."

एका शुक्रवारी त्यांनी तिच्या पेल्यात ताक ओतता ओतता विचारलं, "एखाद्याचा सांगावा बंद करायचा असेल, तर ते तूच करतेस का?"

तिला वाटलं, सुवैलिमचं विचारतायत. "हो, मीच. दुसऱ्या कुणाला येतच नाही ना."

"अवघड असतं?"

"छे, दोन ओळी. मिनिटाचं काम." मग तिला नसरा आठवली आणि तिचा आवाज खाली आला. "वाईट वाटलं, जद्दी. रडूच आलं मला. पण करावंच लागलं."

"करावं लागतं," जद्दी म्हणाले. "मलाही लागायचं." आणि त्यांनी तिच्या पुढ्यात माशाचा मोठा तुकडा सरकवला.

बागेकडे मात्र ते तिला येऊ द्यायचे नाहीत. ऊन फार आहे. साप निघतात. लिंबं मीच पाठवीन. आधी पिशवीभर लिंबं आली, मग मूठभर, मग येईनाशी झाली. जुलैच्या शेवटच्या दिवशी आईनं टोपलीभर मासे आणले आणि जुवैनाला पिटाळलं. "जा, बागेत जाऊन चार तोडून आण. त्यांना विचारू नकोस, ते उद्या उद्या करतात."

बागेच्या दारातच ती थांबली. तिन्ही लिंबांची पानं नळीसारखी वळून तपकिरी झाली होती. बरीचशी खाली पडलेली. फांद्यांवर सुपारीएवढी काळी, कडक लिंबं लटकत होती, झाडावरच वाळलेली. आळी फुटून तुकडे तुकडे झाली होती. चारा तर नावालाही उरला नव्हता. पाटाच्या दाराच्या दगडाभोवती कोंबलेल्या चिंध्या वाळून पापडासारख्या झाल्या होत्या, आणि दगड आणि भिंत यांच्या मधे कोळ्यानं जाळं विणलं होतं. त्या भिंतीपलीकडून हातभर अंतरावर भरला पाट वाहत होता.

मधल्या झाडापाशी जद्दी उभे होते. त्यांच्या पायाशी पिण्याच्या पाण्याचा रिकामा डबा होता, घरच्या नळावरून भरून आणायचा. दांडीला फडकं गुंडाळलेलं होतं, हाताला कापू नये म्हणून. फडकं मळून काळं झालं होतं. म्हणजे हे आजचं नव्हतं.

"जद्दी, हे काय झालं?"

"काय व्हायचंय. झाडं म्हातारी झाली."

"अकरा वर्षांची?"

"काही लवकर होतात." त्यांनी डबा उचलला. "चल. ऊन लागेल तुला."

"तुम्ही पाणी का देत नाही त्यांना? आठव्या दिवसाचं पाणी कुठं जातं?"

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला आपण काहीतरी अभद्र बोललो असं वाटलं. "चल," ते पुन्हा म्हणाले, हळू.

घरी येऊन तिनं पाठवलेल्या सांगाव्यांची नोंद उघडली. आठव्या दिवशी पहिल्या नावापासून बाराव्यापर्यंत. मुहन्ना, साडेतीन ते चार. त्याखाली काही नाही. त्याआधीचा आठवा दिवस. मुहन्ना, आणि काही नाही. असे सहा. मग तिनं त्या दोन ओळी उघडल्या. माणूस गेलेला असेल तर. आणि खाली एक शब्द. ब्रेक.

तेराव्यानं पेला हलवला होता आणि तिनं किटली उचलून नेली होती. बाहेरचा दिवसांचा फेरा चालूच राहिला, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत सुरू व्हायचं आणि कुणाला काही कळायचं नाही. सुवैलिमच्या मागं अख्ख्या आवर्तनात एकच माणूस होता.

आई स्वयंपाकघरातून ओरडत होती की लिंबं कुठायत. जुवैनानं तो शब्द खोडून दुसरा लिहिला. याला खरोखरच मिनिटसुद्धा लागलं नाही, आणि तेच तिला सहन होईना.

ती आधी अज्जानकडे गेली. ते ओसरीवर खजुरं निवडत बसले होते.

"काका, तुम्ही जद्दींचं पाणी बंद केलंत का?"

"मी?" अज्जाननी खजूर खाली ठेवला. "पोरी, तुझं डोकं फिरलंय का? त्यानंच दिलं ना ते मशिदीला. सुवैलिमच्या नावानं. अर्धा तास जास्तीचं पाणी येतंय म्हणून मशिदीचा माणूस सांगत होता, म्हटलं खल्फानच असणार, दुसरं कोण एवढ्या मनाचं आहे. मी त्याला तीनदा दुवा दिली. शुक्रवारी, सगळ्यांच्या देखत."

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. मान खाली घातली. मला वाटलं, पुण्याचं बोलू नये म्हणून गप्प आहे."

जुवैना खालीच बसली. मग तिनं सगळं सांगितलं. अज्जाननी फेऱ्याचं काही समजल्याचं दाखवलं नाही, पण शेवटी त्यांनी कपाळाला हात लावला. "आणि मी त्याला म्हटलं, काम संपलं. सुतकाच्या घरी. अरीफचं पाणी कामाचं असतं ना. देवा." ते तसेच उठून जद्दींकडे गेले.

जुवैना दुसऱ्या दिवशी गेली. संगणक काखेत. रात्रभर तिनं मनात घोकलं होतं आणि सगळं एका दमात बोलून टाकलं: कोनाडा, फोन, पायरी, दोन ओळी, चुकीचा शब्द, सुवैलिमच्या नावाशी फेरा तुटला आणि चौदाव्या नावापर्यंत पोचलाच नाही. तिनं पडदा त्यांच्यापुढे धरला. ते त्यांना दिसत नव्हतं, दिसलं असतं तरी वाचता आलं नसतं.

जद्दींनी सगळं ऐकून घेतलं. मग तिला कॉफी ओतली.

"अज्जानही हेच सांगून गेला काल," ते म्हणाले. "तुम्ही दोघं ठरवून आलात."

"ठरवून नाही. हे खरं आहे, जद्दी."

"पोरी, माझ्या काळात या आवर्तनातली तीसेक माणसं गेली. एकाच्याही दाराशी पाणी थांबलं नाही. मेलेल्याच्या दारावरून ते पुढच्याकडे जातं. ते दुसरं काही करूच शकत नाही. पुढच्याचं पाणी अडतं ते कुणी अडवलं तरच."

"मीच अडवलं. तेच तर सांगतेय मी."

"हो. ते मला माहीत आहे." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "फलजच्या लोकांनी सांगितलं, तू केलंस. तुला रडू आलं होतं, हे तूच म्हणालीस. मी तेव्हाच ठरवलं, हा विषय काढायचा नाही. तुला कानकोंडं वाटेल."

"ते मी सुवैलिमबद्दल म्हणाले होते."

"बरं."

"नुसतं बरं म्हणू नका. कुणीही मला काही सांगितलं नव्हतं. माझं चुकलं. मला चालवून बघायला हवं होतं, मी नाही बघितलं. वर्गात सगळ्यांना शिकवत होते मी हे, आणि—"

"तू खोटं बोलताना तुझ्या आईसारखी भरभर बोलतेस," जद्दी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता.

"मी नेहमीच भरभर बोलते."

"आज जास्त." ते हसले. "अगं, पाणी कामाचं होतं. काम गेलं, पाणी गेलं. यात वाईट काय आहे? मी दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. एवढंच वाटलं की कुणीतरी तोंडानं सांगायला हवं होतं. माझ्या वेळी मी दारात जाऊन सांगायचो. शिव्या खायचो, पण दारात जाऊन."

 आयुष्यात पहिल्यांदा जुवैनाकडे सांगायला खरी गोष्ट होती आणि ती सांगून भागत नव्हती. रडली असती तर ते तिचंच समाधान करत बसले असते. म्हणून ती रडली नाही, कॉफी प्यायली. पेला हलवून परत दिला.

"तुम्हाला वेळ कळत होती ना?" ती शेवटी म्हणाली. "मुहन्ना दारं बुजवतो ते तुम्हाला ऐकू यायचं. पाणी भिंतीपलीकडे होतं. तुम्ही डबे का वाहिलेत? दारं का नाही उघडलं एकदा तरी?"

जद्दींना हा प्रश्न खरंच समजला नाही. "सांगाव्याशिवाय?" ते म्हणाले.

पुढच्या आठव्या दिवशी ती पहाटेच त्यांच्याकडे जाऊन बसली. सहाला त्यांचा फोन वाजला. तिनं वाचून दाखवलं. "खल्फान, तुमचं पाणी आज साडेचार ते पाच."

"छान वाचलंस," जद्दी म्हणाले.

"मी नाही पाठवला हा. आपोआप आला."

"हो हो. जुन्या चपला घालून ये दुपारी. चिखल होईल."

साडेचारला दोघं बागेत होते. मुहन्नाच्या बागेतून दारं बुजवल्याचा आवाज आला होता त्याला अर्धा तास झाला होता. मधला वेळ सुवैलिमचा, मशिदीचा. जद्दींनी वाकून चिंध्या उपसल्या. त्या हातातच मोडत होत्या. दगड हलवायला तिनं मदत केली. पाणी आत आलं, वाळल्या जमिनीवर आधी नुसतंच पसरलं, मुरेचना, वाळकी पानं आणि पाखरांची पिसं घेऊन पुढं सरकत राहिलं. मग भेगांमधून बुडबुडे यायला लागले.

जद्दी फावडं घेऊन एकेका झाडाला वाट करून देत होते. कडा बांधत होते, फुटलेलं आळं पायानं दाबत होते, एकाला जास्त गेलं तर माती ओढून दुसऱ्याकडे वळवत होते. जिवंत झाडाचं करतात तितक्याच निगुतीनं.

"येतील का परत, जद्दी?"

त्यांनी पहिल्या झाडाची साल नखानं खरवडली. आतून तपकिरी. दुसऱ्याची खरवडली. तीही तपकिरी. तिसऱ्यापाशी ते गेले, खोडावर तळहात ठेवून जरा उभे राहिले, आणि नख न लावताच परत आले.

जुवैना घोट्यापर्यंत पाण्यात उभी होती. तिनं मनात शेकडो वेळा केलेली वाक्यं पुन्हा जुळवून पाहिली. एकही असं नव्हतं जे त्यांना दयाबुद्धीचं वाटलं नसतं.

जद्दी फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून पाटाच्या दाराशी उभे राहिले. त्यांचं तोंड तिच्याकडे होतं, नजर मात्र थोडी बाजूला, दोन जुवैनांपैकी खरी कुठली हे ठरवता येत नसल्यासारखी.

"किती वेळ ठेवू उघडं?" त्यांनी विचारलं.

"पाचपर्यंत. तुमचाच अर्धा तास आहे, जद्दी."

"बरं," ते म्हणाले, लहान मुलानं खेळातलं नाणं हातावर ठेवलं की म्हणतात तसं.

पाचाला दहा मिनिटं होती तेव्हाच त्यांनी ओल्या मातीनं आणि नव्या चिंध्यांनी दारं बुजवलं, वरून दोनदा हात फिरवून पाहिला, कुठं झिरपत तर नाही ना, आणि तिला सांगितलं की पुरे, खूप झालं. उरलेलं पाणी भिंतीपलीकडून मशिदीकडे गेलं.